लोकरीचे खेळणे आणि हातातला फोन

रमजान सुरू झाला की वर्तमानपत्रांत एक छायाचित्र ठरलेले असते. सात-आठ वर्षांचा मुलगा किंवा मुलगी, अंगात नवे कपडे, गळ्यात फुलांचा हार, डोक्यावर टोपी किंवा ओढणी आणि खाली एक ओळ : चिमुकल्याने केला पहिला रोजा. त्या संध्याकाळी शेजारच्या हिंदू घरातूनही मुलासाठी खाऊ येतो, कोणी पन्नास-शंभराची नोट हातावर ठेवते. तेरा-चौदा तास अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही, आणि तेही एवढ्या लहान वयात. कौतुक वाटणारच.

या कौतुकाच्या मुळाशी एक लहानशी गोष्ट असते. भर दुपारी ते मूल वजू करायला नळाशी एकटेच जाते. घसा कोरडा पडलेला असतो, ओंजळीत पाणी असते आणि पाहणारे कोणी नसते. तरी ते पाणी पीत नाही. अल्लाह पाहतो आहे, एवढेच त्याला ठाऊक असते. रोजाचे मर्म त्याला कळले, असे म्हणायला हरकत नाही.

पण त्याच दुपारी अनेक घरांत आणखी एक गोष्ट घडते. जोहरची नमाज झालेली असते, इफ्तारला अजून चार-पाच तास असतात. मूल कोमेजते, किरकिर करते. आईचाही रोजा असतो, तिला भजी-फळांची तयारी करायची असते. मग घरातले कोणीतरी आपला फोन मुलाच्या हाती देते. ‘घे बेटा, बघत बस. वेळ जाईल.’ वेळ खरोखरच जातो. मगरिबची अजान होईपर्यंत मूल एका जागी गप्प बसून असते. त्या चार तासांत त्याच्या तोंडात एक दाणाही गेला नाही, याची खात्री घरातला प्रत्येक जण देईल. डोळ्यांत काय काय गेले, हे मात्र कोणालाच सांगता येणार नाही.

रोजा ठेवलेल्या मुलाला रमवणे ही काही आजची अडचण नाही. हदीसच्या ग्रंथांत मदिनेच्या स्त्रियांची एक आठवण नोंदवलेली आहे. आशुराच्या रोजाच्या दिवशी त्या आपल्या लहान मुलांनाही रोजा ठेवायला लावीत आणि त्यांच्यासाठी लोकरीची खेळणी करून ठेवीत. मूल भुकेने रडू लागले की त्याच्या हाती ते खेळणे देत, म्हणजे इफ्तारपर्यंतची वेळ निभावून जाई. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. चौदाशे वर्षांपूर्वीच्या आईची युक्ती आणि आजच्या आईची युक्ती एकच, फक्त खेळणे बदलले.

लोकरीच्या खेळण्याचा एक गुण असा होता की आईने त्यात जे घातले तेवढेच त्यात होते. फोनचे तसे नाही. मुलाने कार्टून लावून घेतले, ते संपले, पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू झाला, त्याच्या पुढचाही. अंगठा वर सरकवला की नवा रील येतो आणि तो कोणी निवडलेला असतो ते घरातल्या कोणालाच माहीत नसते. २०२५ च्या फेब्रुवारीअखेर, रमजान सुरू होण्याच्या चार-पाच दिवस आधी, जगभरातल्या अनेक इन्स्टाग्राम वापरणाऱ्यांच्या रील्समध्ये अचानक मारहाणीचे, मृत्यूचे, रक्तपाताचे व्हिडिओ येऊ लागले. कंपनीने नंतर चूक झाल्याचे मान्य केले, माफी मागितली, दुरुस्ती केल्याचे सांगितले. ज्या मुलांनी त्या दिवशी ते पाहिले त्यांच्या डोळ्यांतून ते कसे दुरुस्त होणार, याचे उत्तर कोणत्याही कंपनीकडे नाही.

अशा वेळी दोष कंपनीवर टाकणे सोपे असते, आणि तो खोटाही नसतो. तरीसुद्धा गावा-शहरांतल्या साध्या घरांमध्ये मुलापर्यंत पोचणारे भयानक चित्र पुष्कळदा इन्स्टाग्रामच्या चुकीने येत नाही. ते मामाकडून येते, मोहल्ल्याच्या ग्रुपवरून येते, बिरादरीच्या ग्रुपवरून येते, सोसायटीच्या किंवा जुन्या वर्गमित्रांच्या ग्रुपवरून येते. पाठवणारा माणूस वाईट नसतो. त्याला दया आलेली असते, भीती वाटलेली असते, नाहीतर इतरांना सावध करायचे असते. तो ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा’ असे लिहितो. त्या जास्तीत जास्त लोकांमध्ये पहिल्या रोजाचा तो सात वर्षांचा मुलगाही असतो, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

मुलांच्या काळजीपोटी पसरवलेल्या चित्रांनी काय होऊ शकते, हे महाराष्ट्राने २०१८ साली पाहिले आहे. त्या वर्षी रमजान ईद १६ जूनला झाली. ईदनंतर बरोबर पंधरा दिवसांनी, १ जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवडे बाजाराच्या दिवशी पाच माणसे ठेचून मारली गेली. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडून आलेली ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची भटकी माणसे होती, भिक्षा मागून पोट भरणारी. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी हाकाटी झाली आणि जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारले.

ही हाकाटी त्याआधी कितीतरी आठवडे फोनवर फिरत होती. देशभर फिरलेल्या एका व्हिडिओत मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावर खेळणारे पोर उचलून नेताना दिसत. मुळात ती कराचीत तयार झालेली जनजागृतीची चित्रफीत होती. तिच्या शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांनी सावध राहावे असा फलक दाखवतात. तो शेवट कोणीतरी कापून टाकला. मालेगावकडे आणखी एक छायाचित्र फिरले. ओळीने ठेवलेले लहान मुलांचे मृतदेह, आणि सोबत सांगणे असे की या मुलांना पळवून त्यांचे अवयव काढून घेतले. ती मुले सीरियातली होती. ऑगस्ट २०१३ मध्ये दमास्कसजवळच्या घौता भागात झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यात ती गेली होती. पाच वर्षांनी त्यांची प्रेते उत्तर महाराष्ट्रातल्या आयांना घाबरवण्यासाठी पुन्हा मांडली गेली.

राईनपाड्याच्या घटनेच्या त्याच रात्री मालेगावातही जमावाने एका कुटुंबाला घेरले. त्यात दोन वर्षांचे मूल होते. मूल पळवणारे म्हणून ज्यांच्यावर लोक धावून गेले, त्यांच्याजवळचे मूल त्यांचेच होते. मोहल्ल्यातल्याच काही माणसांनी त्यांना आसरा दिला, पोलिसांनी त्यांना बाहेर काढले, म्हणून ते वाचले. राईनपाड्यात तसे उभे राहणारे कोणी निघाले नाही. मारहाण चालू असताना तिथे फोन मात्र वर झालेले होते. नंतर ते व्हिडिओही फिरले. म्हणजे मुलांना वाचवण्याच्या नावाखाली आधी मेलेल्या मुलांची चित्रे मुलांच्या हातांतल्या फोनवर आली आणि मग त्याच फोनवर पाच माणसांना मारतानाचे चित्रण आले. पुढे २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने या खटल्यात सात जणांना जन्मठेप दिली. अफवा पुढे ढकलणारे हजारो हात मात्र कोणत्याच खटल्यात आले नाहीत, येऊही शकत नव्हते.

व्हॉट्सअ‍ॅपने त्याच जुलैमध्ये भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, पुढे पाठवलेल्या निरोपावर तशी खूणही येऊ लागली. २०२० मध्ये फार फिरलेल्या निरोपांसाठी ही मर्यादा एकावर आणली. उपाय चांगला होता. पण तो वेग कमी करणारा उपाय आहे. पाठवायचे की नाही, हे अजूनही अंगठाच ठरवतो.

पवित्र कुरआनात ‘अल-हुजुरात’ या ४९ व्या अध्यायात नेमकी याच गोष्टीची ताकीद आहे. भरवसा नसलेल्या माणसाने खबर आणली तर आधी शहानिशा करावी, एरवी अजाणतेपणी कोणाला तरी इजा होईल आणि मग पस्तावण्याची पाळी येईल, असा त्याचा आशय. ऐकलेली प्रत्येक गोष्ट सांगत सुटणे एवढेही माणूस खोटा ठरायला पुरे आहे, असे हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांनी सांगितल्याचे हदीसमध्ये येते. रमजानच्या प्रवचनांतून या दोन्ही गोष्टी दरवर्षी सांगितल्या जातात. ऐकणारे मान डोलावतात. मशिदीबाहेर पडून चपला घालता घालता फोन चालू होतो आणि सकाळपासून साचलेले निरोप पुढे जाऊ लागतात.

हे झाले भीतीपोटी पाठवण्याबद्दल. दयेपोटी पाठवण्याचा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि मुस्लिम घरांनी त्याकडे मोकळेपणाने पाहायला हवे. गाझातल्या ढिगाऱ्यांखालून काढलेल्या मुलांची छायाचित्रे रमजानमध्ये घराघरांतल्या फोनवर येतात. ती खोटी नसतात. ती पाहून डोळ्यांत पाणी येते, हात दुआसाठी उठतात. म्हणून ती घरच्या ग्रुपवर टाकली जातात, स्टेटसला लावली जातात, कधी तर मुद्दाम मुलाला जवळ बोलावून दाखवली जातात. ‘आपल्या माणसांवर काय गुदरते आहे ते पोरांना कळू नये का?’ असे एखादा बाप विचारतो. प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला टाळून चालणार नाही.

कळावे. पण सांगून कळावे. करबलाची हकीकत मुस्लिम मुले पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आली. तहानलेली लहान मुले, अडवून धरलेली नदी, एकामागून एक पडलेले वीर. त्यात क्रौर्य कमी नाही. तसेच चक्रव्यूहात अडकलेल्या अभिमन्यूचा वध हिंदू मुले आजीकडून, कीर्तनकाराकडून ऐकत आली. सोळा वर्षांच्या पोराला सहा महारथी घेरून मारतात, ही गोष्टही काही कोवळी नाही. पण ती सांगणारी आजी असते. मूल तिच्या मांडीवर असते. त्याला किती झेपेल हे तिला दिसत असते, त्याचा चेहरा बदलला की ती गोष्ट आवरती घेते, पाठीवरून हात फिरवते. मूल आपल्या मनाने जेवढे चित्र काढू शकेल तेवढेच काढते. कापलेल्या देहाचा व्हिडिओ मुलाचा चेहरा पाहून थांबत नाही. दुःख समजण्याआधी धक्का बसतो, आणि तसे चार-पाच धक्के बसले की पुढचे मूल चक्क अंगठ्याने सरकवून टाकते. ज्या करुणेसाठी चित्र दाखवले तीच आधी मरते.

दुसरी गोष्ट मेलेल्या माणसाच्या बाजूने आहे. मय्यतीची इज्जत इस्लामने फार काटेकोरपणे सांगितली आहे. गुसल देताना पडदा धरतात, अंग झाकलेले ठेवतात, गुसल देणाऱ्याने काही वावगे पाहिले तरी ते बाहेर सांगायचे नसते. युद्धातसुद्धा शत्रूच्या प्रेताची विटंबना करण्यास पैगंबरांनी मनाई केली. मेलेल्याचे हाड मोडणे हे जिवंत माणसाचे हाड मोडण्यासारखेच आहे, असेही त्यांनी सांगितल्याची हदीस आहे. ज्या धर्मात मृताला एवढे झाकले जाते, त्या धर्माची माणसे एखाद्या छिन्नविच्छिन्न मुलाचे उघडे प्रेत दिवसभर स्टेटसला लावून ठेवतात, हे कोणत्या मसल्यात बसते? त्या मुलाची आई जिवंत असेल तर तिला विचारून का कोणी ते लावले?

जुन्या वस्तीत ही रीत सर्व धर्मांत होती. गल्लीत कोणी गेले की शेजारच्या बाया लहान पोरांना आपल्या घरी बोलावून घेत. अंत्ययात्रा असो की जनाजा, तो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत दार लोटलेले राही. पोरांना मरण माहीत नव्हते असे नाही. कोण गेले ते त्यांना सांगितलेले असे. तिरडी आणि जनाजा अंगणातून जाताना लोटलेले ते दार फोनने सताड उघडले.

क्राइस्टचर्चची आठवण इथे ठेवायला हवी. न्यूझीलंडच्या या शहरात १५ मार्च २०१९ रोजी जुम्याच्या नमाजच्या वेळी दोन मशिदींवर गोळीबार झाला. ५१ माणसे गेली. सर्वांत लहान मूल तीन वर्षांचे होते. मारेकऱ्याने ते सारे फेसबुकवरून थेट दाखवले. फेसबुकने नंतर सांगितले की थेट प्रक्षेपण चालू असताना ते पाहणारे दोनशेहून कमी होते आणि मूळ व्हिडिओ काढून टाकेपर्यंत तो सुमारे ४,००० वेळा पाहिला गेला. पण पुढच्या २४ तासांत कंपनीला त्याच्या १५ लाख प्रती हटवाव्या लागल्या. त्यांपैकी १२ लाखांहून अधिक चढवतानाच अडवल्या गेल्या. या प्रती चढवणारे सगळे मारेकऱ्याच्या बाजूचे नव्हते. काही तसे होते, काही कुतूहल म्हणून टाकणारे होते आणि काही तर निषेध करण्यासाठीच टाकणारे होते, असे कंपनीच्याच निवेदनात आहे. मारेकऱ्याला हवी होती ती प्रसिद्धी निषेध करणाऱ्यांच्या हातूनही पसरली. न्यूझीलंडने तो व्हिडिओ जवळ बाळगणे आणि पुढे पाठवणे गुन्हा ठरवला. तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांनी मारेकऱ्याचे नावही उच्चारणार नाही असे जाहीर केले आणि ते पाळले. मेलेल्यांबद्दल मात्र तो देश बोलत राहिला. कोण होते, काय करत होते, मागे कोण उरले. दुःख दाखवण्याचा हाही एक मार्ग आहे.

आता गावातल्या सर्वांत नाजूक गोष्टीकडे. मारहाणीच्या व्हिडिओत मार खाणाऱ्याची जात-धर्म बहुधा दिसत नाही. रक्त, किंकाळ्या आणि पळापळ दिसते. धर्म असतो तो व्हिडिओखालच्या ओळीत. ‘बघा, हे लोक काय करतात.’ एकच जुना, कुठल्या तरी परक्या देशातला व्हिडिओ एका ग्रुपवर हिंदूंच्या नावाने फिरतो आणि दुसऱ्या ग्रुपवर मुसलमानांच्या नावाने. मोठ्या माणसाला निदान शंका घेता येते. आठ वर्षांच्या मुलाला ती घेता येत नाही. त्याने पाहिलेले रक्त आणि वाचलेले नाव त्याच्या मनात एकत्रच साठते. दुसऱ्या दिवशी शाळेत त्याच नावाचा मुलगा त्याच्या बाकावर असतो, डब्यातली पोळी त्याच्यापुढे करतो. त्या क्षणी पहिल्याचा हात थोडासा मागे सरकला, तर ते ना बाईंना कळेल ना आईला. ईदचा शीरखुर्मा आणि दिवाळीचा फराळ एकमेकांकडे पोचवणाऱ्या गावात ही पडझड कोणाच्या नजरेला येत नाही. ती दिसते तेव्हा ती मुले वीस वर्षांची झालेली असतात.

सरकारने काही करावे की नाही? करावेच. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवायला बंदी केली. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरायला पालकांची खात्रीलायक संमती आवश्यक ठरवली, मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवण्यास मनाई केली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, ते टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. इन्स्टाग्राम, फेसबुकची स्वतःची वयाची अट तेरा आहे. जन्मसाल खोटे टाकून ती ओलांडणे पोरांना दोन मिनिटांचे काम वाटते, हे सर्वांना ठाऊक आहे.

पण या सगळ्या व्यवस्था एक गोष्ट धरून चालतात : मुलाचा फोन वेगळा आणि खाते वेगळे. इथल्या बहुसंख्य घरांत तसे नसते. पोरगा आईच्या फोनवर असतो, अब्बूच्या फोनवर असतो, दादीच्या फोनवर असतो. कंपनीच्या लेखी तो चाळीस किंवा पासष्ट वर्षांचा असतो. ऑस्ट्रेलियासारखी बंदी उद्या इथे आली तरी दादीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला व्हिडिओ तिला अडवता येणार नाही. चित्रपटगृहाच्या दारात निदान तिकीट पाहणारा उभा असतो, प्रमाणपत्र कोणते आहे ते पोस्टरवर छापलेले असते. घरच्या फोनच्या दारात उभे राहणारे घरातल्याच माणसांपैकी कोणीतरी असावे लागेल.

त्यासाठी फार शिकलेले असण्याची गरज नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवून घेण्याची सोय असते. ती बंद केली की आलेले चित्र बोट लावल्याशिवाय उतरत नाही. फोनच्या गॅलरीत व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो न दिसण्याचीही सोय तिथेच आहे. कोणीही उठून कुठल्याही ग्रुपात घालू नये म्हणून ‘फक्त ओळखीचे’ असे ठरवता येते. यूट्यूबवर पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होणे बंद करता येते. लहानांसाठी यूट्यूबचे वेगळे अ‍ॅप आहे, तेही डोळे झाकून भरवसा ठेवावे असे नाही, पण मोकाट फोनपेक्षा बरे. घरातल्या दहावी-बारावीतल्या मुलीला सांगितले तर सहरीनंतरच्या पंधरा मिनिटांत ती सगळ्यांचे फोन लावून देईल.

ग्रुपवर भयानक काही आले तर तिथेच भांडण काढण्यापेक्षा पाठवणाऱ्याला वेगळे लिहावे : ‘भाईजान, घरात मुले हाच फोन पाहतात, असे नका टाकू.’ बहुतेक माणसे ओशाळतात आणि ऐकतात. ग्रुप चालवणाऱ्याने महिन्याच्या सुरुवातीला तेवढा एक नियम घातला तरी पुष्कळ होईल. खरोखरच गुन्ह्याचा पुरावा असेल तर तो पोलिसांकडे द्यायचा असतो, तीनशे जणांच्या ग्रुपकडे नाही. मशिदींतल्या इमामसाहेबांनीही जुम्याच्या बयानात यावर दोन मिनिटे द्यावीत. निंदानालस्तीने रोजा कसा पोकळ होतो हे ते सांगतातच. खोटे बोलणे आणि तसे वागणे जो सोडत नाही, त्याच्या उपाशी राहण्याची अल्लाहला गरज नाही, ही हदीस सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्यात आता पुढे पाठवलेला निरोपही येतो, हे एकदा स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे.

रमजानच्या रात्रींबद्दलही बोलायला हवे, कारण ते कोणी बोलत नाही. तरावीह आटोपली की घरातली मोठी माणसे दोन-तीन तास पडतात. बारा-पंधरा वर्षांची पोरे मात्र सहरीपर्यंत जागतात. बाजारात रोषणाई असते, खाण्याच्या गाड्या लागलेल्या असतात, आणि गल्लीच्या ओट्यावर सहा-सात डोकी एकाच फोनवर वाकलेली असतात. वर्षातल्या इतर कोणत्याही महिन्यात एवढ्या रात्री त्यांच्या हाती फोन नसतो. त्या वयात भीती वाटते असे म्हणणे म्हणजे कमीपणा, त्यामुळे जो अधिक भयंकर व्हिडिओ काढून दाखवतो तो त्या टोळक्याचा नायक होतो. घरातल्या मोठ्याने त्या ओट्यावर जाऊन अर्धा तास बसावे. ओरडायला नाही, नुसते बसायला. पोरे आपोआप दुसरे काहीतरी लावतात.

आणि मुलाने आधीच काही पाहिले असेल तर? बहुधा पाहिलेलेच असते. पोर एकाएकी दिवा लावून झोपायचा हट्ट धरते, अंथरूण ओले करू लागते, एकट्याने मोरीत जायला घाबरते, खेळताना कोणाचा तरी गळा कापल्याचे नाटक करते. अशा वेळी पहिला हात थप्पड मारायला उठू नये. फोन हिसकावून मुस्काटात दिली की मूल पाहणे सोडत नाही, सांगणे सोडते. जवळ घेऊन विचारावे, काय पाहिलेस, कुठे पाहिलेस. ते सांगेल ते शेवटपर्यंत ऐकावे. खोटे होते असे खोटे सांगू नये. हे फार दूर घडले, तू घरी आहेस, दार लागलेले आहे, अम्मी इथेच आहे, असे सांगावे. अगदी लहान मुलाला एकच व्हिडिओ दहादा दिसला तर ते दहादा घडले असे वाटू शकते, तेही समजावून द्यावे. महिनाभरात बदल दिसला नाही तर डॉक्टरांना दाखवण्यात कसलीही लाज नाही. मानसिक आरोग्यासाठी सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे, मुलांच्या अडचणींसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

दुपारच्या त्या चार तासांचे काय, हा प्रश्न उरतोच. रोजात असलेल्या आईला उपदेश करणे सोपे आहे, तिच्या जागी उभे राहणे कठीण. फोन देऊ नका म्हणणाऱ्यांनी, म्हणजे घरातल्या पुरुषांनी, त्या वेळेतला निदान एक तास आपल्याकडे घ्यावा. असरच्या नमाजला मुलाला सोबत न्यावे. इफ्तारची फळे आणायला बाजारात न्यावे, खजुरांचे प्रकार त्यालाच निवडू द्यावेत. शेजाऱ्यांकडे इफ्तारीचे ताट पोचवायचे काम त्याच्याकडे द्यावे. हिंदू शेजाऱ्याच्या दारात झाकलेले ताट घेऊन उभा असलेला मुलगा त्या वेळी कोणत्याही ग्रुपवरची ओळ वाचत नसतो. फोन द्यायचाच झाला तर जे पाहायचे ते आधी उतरवून ठेवून, इंटरनेट बंद करून द्यावा. मग तो जवळजवळ लोकरीच्या खेळण्यासारखा होतो, घातले तेवढेच त्यात असते.

शेवटच्या दहा दिवसांत घराघरांत ईदीची बोलणी सुरू होतील. नवा फोन परवडत नसेल तर घरातल्या मोठ्याचा जुना फोन मुलाला देण्याची पद्धत सगळीकडेच आहे. त्या फोनमध्ये मोठ्या माणसाचे चार वर्षांचे व्हॉट्सअ‍ॅप असते, पन्नास ग्रुप असतात, आणि गॅलरीच्या तळाशी राईनपाडा असते, घौता असते, गाझा असते. मुलाला देण्याआधी दुकानदाराकडून किंवा घरातल्या जाणत्या पोराकडून तो पूर्ण कोरा करून घ्यावा. व्हॉट्सअ‍ॅपची जुनी साठवण पुन्हा उतरवायची का, असे तो विचारेल. तिथे ‘नाही’ म्हणावे.